जिभेचा वाटा

मूळ

‘आणि आम्ही लुकमानला हिकमत दिली, की...’

काम इथे अडलं होतं. वाक्य पुढे आहे, चांगलं लांब आहे; पण दिलशादबाईंचं पेन काही पुढे सरकेना. वाक्याच्या मधोमध बसलेल्या त्या एका शब्दावरून त्यांचं आणि गनीभाईंचं वाजलं होतं, आणि गनीभाईंशिवाय पुढची ओळ लिहायची म्हणजे एकटीनं फुगडी घालायची.

पत्रक ईद-मिलनाला वाटायचं होतं. बकरी ईद झाली की पुढच्या रविवारी खडकीतले शेजारीपाजारी जमातीच्या हॉलमध्ये चहा-फराळाला येतात. दरवर्षी त्यांच्या हातात कुरआनातला एखादा भाग सोप्या मराठीत ठेवायचा, ही पद्धत या दोघांनीच पाडलेली. यंदा लुकमानचा उपदेश घेतला होता. एका शहाण्या बापानं मुलाला सांगितलेल्या चार गोष्टी.

‘शहाण्या’ म्हटलं खरं. तिथेच तर बिनसलं.

कामाची रीत

दिलशाद मणेर शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. अख्खी खडकी त्यांना बाई म्हणते, भाजीवालासुद्धा. अब्दुल गनी शिकलगार दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बाईंच्या दिवंगत नवऱ्याचे दोस्त. अरबी त्यांना वडिलांनी लहानपणी छडी मारून शिकवली आणि ती त्यांनी पुढे प्रेमानं वाढवली. घरात कपाटभर उर्दू टीकाग्रंथ. कुठला आलिम, कुठला धर्मपंडित कुठे काय म्हणाला, ते त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक.

शुक्रवारची नमाज झाली की दोघं जमातीच्या हॉलमागच्या खोलीत बसत. गनीभाई अरबी वाचत, मग अर्थ सांगत. बाई डोळे मिटून ऐकत. मग बाई मराठीत सांगत आणि गनीभाई डोळे मिटून ऐकत. ऐकणाऱ्यानं डोळे मिटायचे, हा नियम. मराठी बरोबर वाटलं तर डोळे मिटलेलेच राहायचे. कुठे खटकलं की ते उघडायचे, आणि वाक्य पुन्हा घडवायला घ्यायचं. तोंडानं ‘चूक’ म्हणायची वेळच यायची नाही. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मतभेद

“बाई, हिकमत हा शब्द कुरआनात जागोजागी आहे. ‘किताब आणि हिकमत’ असं जोडीनं येतं तिथे मोठमोठे आलिम म्हणतात, हिकमत म्हणजे पैगंबरसाहेबांची चालरीत. सुन्नत.”

“पण लुकमान त्यांच्या कितीतरी आधीचा.”

“तेच म्हणतोय. आणि बहुतेकांच्या मते तो पैगंबरही नव्हता. कुणी सुतार म्हणतं, कुणी शिंपी, कुणी गुलाम. मग त्याला दिलेली हिकमत कुठली? कुणी म्हणतं, समज. कुणी म्हणतं, योग्य तेच बोलणं आणि बोलल्यासारखं वागणं. आणखी एके ठिकाणी तर म्हटलंय, ज्याला हिकमत मिळाली त्याला उदंड भलं मिळालं. आता एवढं सगळं तुमच्या एका शब्दात बसवा.”

बाई बसवायला लागल्या. बुद्धी? ती चोरालाही असते. चातुर्य? त्याला दरबाराचा वास. विवेक चांगला, पण तो म्हटला की मागे टाळ ऐकू येतात. प्रज्ञा विहारातल्या मंडळींचा शब्द, उसना आणायचा तर विचारून आणावा. हिकमत तशीच ठेवावी, तर मराठीतला हिकमती माणूस म्हणजे बंद पडलेली स्कूटर केसातल्या आकड्यानं चालू करणारा. आणि अक्कल? ती तर मराठीत फक्त काढतात.

शेवटी त्या म्हणाल्या, “शहाणपण.”

गनीभाईंनी डोळे उघडले.

“काय झालं?”

“पुण्यात कुणाला ‘तू फार शहाणा आहेस’ म्हणून बघा. मारामारी होते.”

“त्यात शब्दाचा काय दोष? दोष पुणेकरांचा.”

“पत्रक पुणेकरच वाचणार आहेत, बाई.”

एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. बाई शब्द बदलीनात आणि गनीभाई डोळे मिटीनात.

जे झालं ते

जमातीच्या बैठकीत कच्चा मसुदा वाचून दाखवायचा होता. बाया-पुरुष मिळून हॉल बऱ्यापैकी भरलेला. बाईंच्या शाळेतल्या मैत्रीण विजयमालाताई मुद्दाम आल्या होत्या. दरवर्षी शुद्धलेखन त्याच तपासतात आणि कौतुक म्हणून “बरं आहे” एवढंच म्हणतात.

बाईंनी वाचलं. ‘शहाणपण’ आलं आणि गनीभाई उठले. म्हणाले, दोन मिनिटं या शब्दावर बोलतो. पहिल्या आलिमाचं मत सांगितलं. दुसऱ्याचं सांगितलं. दुसऱ्यानं पहिल्याला काय उत्तर दिलं ते सांगितलं. चहाचे कप आले, वाटले गेले, हातात गार व्हायला लागले. गनीभाई म्हणत होते, “आता आणखी एक मत आहे, आणि ते मला सगळ्यात...”

आणि बाईंचा वर्गातला आवाज, जो मागच्या बाकापर्यंत जायचा, तो निघाला.

“गनीभाई, तुम्हाला हिकमत सांगायला जेवढा वेळ लागतोय ना, तेवढा लुकमानला ती मिळायला लागला नसेल!”

हॉल हसला. विजयमालाताईंना तर चहाचा ठसका लागला. बाईंनाही क्षणभर बरं वाटलं. चांगलं जमलेलं वाक्य जिभेवरून सुटताना वाटतं तसं.

गनीभाईंनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. बाईंकडची मान वळवून भिंतीकडे केली. बैठक संपेपर्यंत ते त्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिले आणि मग कुणाशी न बोलता निघून गेले. पुढच्या शुक्रवारी मागच्या खोलीत त्यांची खुर्ची रिकामी होती.

बाईंनी एकटीनंच कागद उघडला. लुकमान मुलाला सांगत होता, लोकांपासून गाल फिरवू नकोस.

‘वा,’ बाईंना वाटलं, ‘हे कुणीतरी गनीभाईंना वाचून दाखवा.’

त्याच्या खालची ओळ त्यांनी वाचली मात्र दोन-तीन दिवसांनी. म्हणजे डोळ्यांखालून आधीही गेली होती, पण वाचली तेव्हा. आपला आवाज खाली ठेव. आवाजांमध्ये सगळ्यात कर्कश आवाज गाढवाचा.

बाईंनी कागद मिटला.

खोडलेलं

‘गनीभाई, त्या दिवशी मी बोलले ते गमतीनं होतं.’ (खोडलं. गंमत होती तर ते हसले का नाहीत?)

‘गनीभाई, माझं चुकलं, पण तुम्हीही जरा आटोपतं...’ (‘पण’पासून खोडलं. मग सगळंच खोडलं.)

‘आदरणीय गनीभाई,’ (हे तर मुख्याध्यापकांना लिहिल्यासारखं.)

‘तुमच्याशिवाय पुढची ओळ जमत नाही.’

हे खोडलं नाही. पाठवलंही नाही.

टीप: जिभेबद्दल

ही गोष्ट कुरआनातली नाही, थोरांच्या सांगण्यातून आलेली आहे, असं गनीभाई दर खेपेला बजावत. लुकमान गुलाम होता. मालक म्हणाला, बकरं काप आणि त्यातले सगळ्यात उत्तम दोन तुकडे आण. लुकमाननं जीभ आणि दिल आणून ठेवलं. पुढे कधीतरी मालक म्हणाला, आता सगळ्यात वाईट दोन तुकडे आण. लुकमाननं पुन्हा जीभ आणि दिलच आणलं. विचारलं तर म्हणाला, चांगली असली तर यांच्याहून चांगलं काही नाही, आणि बिघडली तर यांच्याहून वाईट काही नाही.

बाईंच्या सासूबाईंनी या गोष्टीची एक रीतच करून टाकली होती. कुर्बानीच्या मटणाचे तीन वाटे होतात: घरचा, नात्यागोत्याचा आणि गोरगरिबांचा. पण जीभ एकच. तिचे तीन वाटे काय करणार? तेव्हा ती जायची ज्याच्याशी अबोला असेल त्याच्या घरी. ताटलीत ठेवायची, वर विणलेला रुमाल, बस्स. निरोप नाही, माफी नाही, कुणाचं चुकलं याचा हिशेब नाही. धाकट्यानं थोरल्याकडे पाठवायची. थोरल्यानं ती शिजवायची, धाकट्याला बोलवायचं आणि दोघांनी एका ताटलीत खायची. गल्लीतल्या चार घरांनी रीत उचलली, त्यांत शिकलगारांचं घरही होतं. ज्या वर्षी कुणाशीच भांडण नसायचं, त्या वर्षी सासूबाई ईदच्या तोंडावर जरा बेचैन दिसायच्या.

म्हणून बाई निर्धास्त होत्या. कागदावर जमत नाही ना? नसू दे. गनीभाई थोरले; ईद आली की जीभ जाईल.

व्हॉट्सॲप, ईदच्या दुपारी

(मुदस्सर हा बाईंचा मुलगा. धायरीत राहतो, संगणकात काम करतो. त्याच्या सोसायटीत पार्किंगमध्ये बकरं बांधू देत नाहीत आणि खडकीच्या घरात आता बकऱ्याचं पाहायला कुणी नाही. त्यामुळे यंदा त्यानं कुर्बानी ॲपवरून लावली होती. बाईंच्या दारात पुडकी आली होती, हवा काढून चपटी केलेली, वर त्यांचं नाव छापलेलं.)

“अम्मी, डिलिव्हरी मिळाली ना?”

“मिळाली. जीभ कुठंय?”

“कोणाची?”

“बकऱ्याची, राजा. तुझी जागेवर आहे, ते दिसतंय मला.”

“अगं ऑर्डर करताना मुंडी-पाया पाहिजे का विचारत होते. मी नो केलं. कोण साफ करत बसणार?”

“मी.”

“ओह.”

“ताटली काढून ठेवली होती मी.”

“गनीचाचांसाठी का?”

“तुला कोणी सांगितलं?”

“अख्ख्या खडकीला माहितीये अम्मी. थांब, शिवाजी मार्केटमधून जीभ घेऊन येतो.”

“विकतची जीभ पाठवून कुणी बोलायला लागतं का?”

“मग दिल पाठव ना. गोष्टीत दोन्ही असतात.”

“दिल, कलेजी, गुर्दा, सगळं बारीक तुकडे करून एकाच पुडक्यात घातलंय. कुठला तुकडा कशाचा, ते त्या ॲपलाच ठाऊक.”

मुदस्सरनं हसून लोळणारा चेहरा पाठवला. मग लगेच “सॉरी अम्मी”.

मुलगा सकाळपासून तीन ठिकाणी वाटे पोहोचवत सिंहगड रोडच्या गर्दीत अडकला होता, हे त्यांना सूनबाईंनी सांगितलं होतं.

“असू दे,” त्यांनी लिहिलं. “तू आठवणीनं केलंस, तेच पुष्कळ.”

मोकळ्या हातांनी

ईदचा तिसरा दिवस. कुर्बानीचा काळ आज मावळतीला संपणार. त्यानंतर जिभेचं निमित्त पुढच्या वर्षावर.

दुपारच्या चहानंतर बाईंनी बुरखा चढवला, कुलूप लावलं आणि निघाल्या. बाजारातून जाताना त्यांचा उजवा हात सारखा पिशवी चाचपत होता. पिशवी नव्हतीच. कुणाच्या घरी, तेही ईदच्या दिवसांत, असं मोकळ्या हातांनी जाण्याची त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ. मिठाईच्या दुकानापाशी त्या थांबल्या. अर्धा किलो पेढे घेतले असते तर हाताला काम मिळालं असतं. पण पेढे नेले असते, तर ती नुसती पाहुण्याची भेट झाली असती. त्या पुढे निघाल्या.

दार हलीमाभाभींनी उघडलं. गनीभाईंची बायको. बाईंना पाहून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

“आलात एकदाच्या! या आत. ईदपासून हा माणूस दाराकडे तोंड करून बसलाय. मानेला लचक भरली.”

गनीभाई खरंच दारासमोरच्या खुर्चीत होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग बाईंच्या हातांकडे.

“सलाम, बाई.”

“वालेकुम सलाम.”

“हात रिकामे?”

“मुंडीच आली नाही, गनीभाई. मुदस्सरनं मोबाइलवर ‘नको’ म्हणून दाबलं.”

“नको म्हणून दाबलं?”

“कोण साफ करत बसणार, म्हणाला.”

गनीभाईंच्या खांद्यांनी आधी हसायला सुरुवात केली, तोंडानं नंतर. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं.

“मी म्हणत होते,” हलीमाभाभी म्हणाल्या, “आपली पाठवू या. आपल्या बकऱ्याला होती ना जीभ! तर म्हणे, मी थोरला. थोरल्यानं पाठवायची नसते. फ्रीजमध्ये ठेवून राखण करतोय तिची.”

“रीत त्यांच्या सासूबाईंची,” गनीभाई डोळे पुसत म्हणाले. “ती मी कशी मोडू?”

बाई अजून उभ्याच होत्या. खोडलेली सगळी वाक्यं डोक्यात रांग लावून होती. त्यांतलं एकही आलं नाही.

“त्या दिवशी माझा आवाज चढला, गनीभाई.”

“चढला,” गनीभाईंनी मान्य केलं. मग म्हणाले, “आणि मी गाल फिरवला. एकाच पानावर सापडलो की आपण दोघं.”

“गाढव कोण, ते मात्र काढू नका.”

“मी कशाला काढू? ते ओळीतच आहे.”

“ऐकलंत भाभी? हे असं असतं यांचं.”

“चला,” हलीमाभाभी म्हणाल्या, “पाठवली नाहीत ती नाहीत, निदान साफ तरी करा.”

सुरी

जीभ उकळत्या पाण्यातून काढून बाई पाटावर बसल्या. पांढरी साल सुरीनं खरवडायची. घाई केली तर मांस निघतं, आळस केला तर साल राहते. हलीमाभाभींनी पलीकडे कांदा परतायला घेतला. गनीभाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकले आणि कुणी न सांगता लुकमानची ओळ म्हणायला लागले.

बाईंनी सवयीनं डोळे मिटले.

“डोळे उघडा, बाई!” हलीमाभाभी ओरडल्या. “बोट कापून घ्याल.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी गनीभाईंना म्हणताना पाहिलं. वर-खाली होणारा कंठ पाहिला. श्वास कुठे घेतात, ते पाहिलं. हिकमत आली आणि गेली. गनीभाई थांबलेच नाहीत. त्याच श्वासात पुढे गेले.

सुरी थांबली.

“तुम्ही थांबला नाहीत, गनीभाई.”

“कुठे?”

“हिकमतीपाशी.”

“तिथे कशाला थांबायचं? वाक्य पुढे आहे. हिकमत दिली, की अल्लाहचे आभार मान.”

“मग आपण का थांबलो? इतके शुक्रवार?”

कढईत कांदा चरचरत होता.

“आपण शब्द सोडवत बसलो,” बाई हळूच म्हणाल्या. “आणि काय दिलं, ते देणाऱ्यानं पुढच्याच पावलाला सांगून टाकलंय. आभार मान. हीच हिकमत.”

“असंही एक मत आहे,” गनीभाई म्हणाले. “शुक्र करणं हीच लुकमानची हिकमत. मला तेच सगळ्यात पटतं.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“सांगणारच होतो.”

“कधी?”

“त्या दिवशी. हॉलमध्ये. चहा गार होत होता तेव्हा.”

बाईंनी सुरी खाली ठेवली. हसावं की कपाळाला हात लावावा, कळेना. आणि हाताला तर जीभ लागलेली.

“पण गनीभाई, शेवटचं मत पहिलं सांगितलं असतंत तर?”

“बाई, तुम्ही कधी मुलांना उत्तर आधी आणि गणित नंतर सांगितलंत?”

“मी मराठी शिकवायचे.”

“मग राहिलंच.”

पक्का मसुदा

जीभ चांगली झाली होती. कांदा, काळी मिरी, वरून लिंबू. एकाच ताटलीत दोघांनी खाल्ली. हलीमाभाभींनी त्यातले दोन तुकडे उचलले. राखणीला मदत केली, तर वाटा नको? मुदस्सरसाठीही डबा भरला गेला. त्यावर बाईंनी चिठ्ठी चिकटवली: ‘साफ करून दिली आहे.’

खिडकीतून उतरतं ऊन आत आलं होतं. लांब स्टेशनात लोकल लागल्याचा आवाज आला आणि गेला. गनीभाईंनी चष्मा पुसून कपाटातून कागद आणला.

“शब्द कुठला ठेवायचा, तुम्ही सांगा,” बाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणाल तो लिहिते. खरंच.”

“शहाणपण लिहा.”

“आणि पुणेकर? मारामारी?”

“करू देत. पुढचे शब्द वाचेपर्यंत राग टिकला, तर त्यांची कमाल. फक्त तिथे स्वल्पविराम मोठा देऊ नका.”

“स्वल्पविरामाचं विजयमालाताई बघतील.”

“त्यांना म्हणावं, चहा पिताना बघू नका.”

बाईंनी लिहिलं. मग कागद हातात धरून वाचायला लागल्या. आवाज त्यांनी मुद्दाम खाली ठेवला होता, पण समोरच्या खुर्चीपर्यंत तो नीट जात होता.

“आणि आम्ही लुकमानला शहाणपण दिलं, की अल्लाहचे आभार मान. जो आभार मानतो, तो आपल्याच भल्यासाठी मानतो...”

त्यांनी वर पाहिलं. गनीभाईंचे डोळे मिटलेले होते. बाई थांबल्या, वाट पाहिली. डोळे मिटलेलेच.

“झोपला वाटतं,” स्वयंपाकघरातून हलीमाभाभी म्हणाल्या. “जेवला की असंच होतं याचं.”

“जागा आहे मी,” गनीभाई म्हणाले. डोळे त्यांनी उघडले नाहीत. “वाचा, बाई. पुढे वाचा.”